लॅपटॉपचं ग्राफिक्स कार्ड घेताना या चुका टाळा: डिझाइन आणि गेम एकाच मशीनवर करणाऱ्यांसाठी

आमच्याकडं लॅपटॉप घ्यायचे मोसम दोनच. दिवाळीच्या आगेमागे सोयाबीन-कापसाचे पैसे हाती आले की एक, आणि पुसद-बडनेऱ्याला पोराची इंजिनिअरिंगची ॲडमिशन झाली की दुसरा. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात माझं डिझायनिंगचं दुकान आहे, त्यामुळं घ्यायच्या आधी काही जण विचारायला येतात आणि घेऊन झाल्यावर बाकीचे सगळे येतात. प्रश्न ठरलेला: "भाऊ, किती जीबीचं कार्ड पाह्यजे?"

हा प्रश्न चुकीचा नाही, पण तो चौथा-पाचवा आहे. आधीचे सोडून लोक थेट इथं येतात आणि मग फसतात. बऱ्याच लॅपटॉपमध्ये रॅम वाढवता येते, एसएसडी बदलता येते. ग्राफिक्स कार्डाची चिप मात्र मदरबोर्डलाच डाग देऊन बसवलेली असते. ती चुकली की पुढची चार-पाच वर्षं तिच्यासोबतच काढायची.

काम न ठरवता कार्ड ठरवणं

तालुक्यात 'डिझाइन' म्हणजे बहुतेक वेळा कोरलड्रॉ. लग्नपत्रिका, तान्ह्या पोळ्याचे फ्लेक्स, ग्रामपंचायत निवडणुकीची पत्रकं. यातलं रेषा-अक्षरांचं जवळपास सगळं गणित प्रोसेसर करतो, ग्राफिक्स कार्डाला फारसं काम पडत नाही. एवढंच काम असलेल्या माणसानं चांगला प्रोसेसर, १६ जीबी रॅम आणि एसएसडी घेतली, वेगळं कार्ड घेतलंच नाही, तरी त्याचं काही अडत नाही. दुकानदार हे सांगणार नाही, म्हणून मी सांगतो.

फोटोशॉपचं थोडं वेगळं आहे. लग्नाच्या अल्बमचं १२ बाय ३६ इंचाचं एक पान ३०० डीपीआयला उघडलं की ते ३६०० गुणिले १०८०० पिक्सेलचं होतं, म्हणजे जवळजवळ ३ कोटी ८९ लाख पिक्सेल. प्रत्येक पिक्सेलला तीन बाइट धरले तर एक पूर्ण थर साधारण ११७ एमबीचा. वर नवरा-नवरीचे कापलेले फोटो, फुलं, सावल्या असे वीस थर चढले की नुसती फाइल उघडी ठेवायलाच दोन जीबीच्या आसपास रॅम जाऊ शकते, आणि फोटोशॉप मागच्या पायऱ्या लक्षात ठेवतो ते वेगळंच. इथं मशीन रडतं ते रॅमपायी. कार्ड उपयोगी पडतं ते कॅमेरा रॉमधला एआय डीनॉइज, न्यूरल फिल्टर, मोठं चित्र सरकवणं-झूम करणं अशा कामांना, आणि त्यासाठी मधल्या ताकदीचं कार्ड पुरतं. ८ जीबी रॅम आणि भारी कार्ड अशा जोडीपेक्षा ३२ जीबी रॅम आणि मध्यम कार्ड ही जोडी अल्बमवाल्याला कितीतरी जास्त साथ देते.

व्हिडिओवाल्यांना कार्डाचा खरा फायदा आहे. प्रीमियर किंवा दाविंची रिझॉल्व्हमध्ये रंग, इफेक्ट, एक्स्पोर्ट या सगळ्याला कार्ड लागतं. पण त्यातही एक मेख आहे. सोनी-कॅननचे बरेच नवे कॅमेरे १० बिट ४:२:२ एच.२६५ या जास्त रंग टिपणाऱ्या व्हिडिओ प्रकारात शूट करतात, आणि ही फाइल वाचायची सोय एनव्हिडिया या कार्ड बनवणाऱ्या कंपनीच्या ३० आणि ४० मालिकेच्या (३०५०, ४०६० अशा नावांच्या) कार्डांत नाही. ५० मालिकेत ती आली. इंटेलच्या ११व्या पिढीपासून पुढच्या लॅपटॉप प्रोसेसरांत, त्यांच्या आतल्या ग्राफिक्समध्ये, ती आधीपासून आहे. म्हणून आरटीएक्स ४०६० आणि एएमडी प्रोसेसर असलेला भारीतला लॅपटॉप टाइमलाइनवर अडखळतो, आणि त्याच्या निम्म्या किमतीचा साधा इंटेलवाला सुरळीत चालवतो, असं डोळ्यानं दिसतं. लग्नाचं शूटिंग करणाऱ्यानं कॅमेरा कोणता ते आधी सांगावं, लॅपटॉप नंतर.

सिव्हिलच्या पोरांचं ऑटोकॅड, म्हणजे टू-डी नकाशे, प्रोसेसरवर चालतं, आणि तेही प्रोसेसरच्या एकाच कोअरच्या वेगावर. स्केचअप उघडलं की कार्ड कामाला लागतं. लुमिऑन, एन्स्केप, डी५ रेंडर ही मंडळी मात्र पूर्णपणे कार्डाच्या जिवावर जगतात. बंगल्याचा थ्री-डी वॉकथ्रू करून देणार असाल तर ८ जीबीच्या खालचं कार्ड घेऊ नका, झाडं आणि गवत टाकायला लागलात की ६ जीबी कधी भरलं ते कळतही नाही. ब्लेंडर आणि व्ही-रे वापरणाऱ्यांनी एनव्हिडियाच घ्यावं. ब्लेंडर एएमडीच्या कार्डावरही चालतं, पण डिझाइनच्या बऱ्याच प्लगइनांची पहिली ओळख कुडाशी (कार्डाकडून हिशोबाची कामं करून घ्यायच्या पद्धतीशी) असते आणि कुडा फक्त एनव्हिडियाकडं आहे.

गेमचं लवकर सांगतो. व्हॅलोरंट, काउंटर स्ट्राइक, जीटीए ५ एवढंच खेळायचं असेल तर ४ जीबीचं ३०५० सुद्धा चालेल. गेल्या दोन-तीन वर्षांत आलेले मोठे गेम खेळायचे असतील तर टेक्स्चर 'मीडियम'वर ठेवायची तयारी हवी, नाहीतर ८ जीबी हवं.

"१२ जीबी ग्राफिक्स आहे" यावर विश्वास ठेवणं

जुना लॅपटॉप विकणाऱ्यांची ही आवडती ओळ. विंडोज आपल्या रॅमचा साधारण अर्धा भाग गरज पडली तर ग्राफिक्सला उसना देऊ शकतं. १६ जीबी रॅम असेल तर तो ८ जीबी होतो. त्यात कार्डाची स्वतःची ४ जीबी मिळवली की झाली १२. विकणारा तीच बेरीज जाहिरातीत लिहितो.

खरं बघायला मिनिटही लागत नाही. कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये जा, डावीकडं जीपीयू निवडा. खाली 'डेडिकेटेड जीपीयू मेमरी' आणि 'शेअर्ड जीपीयू मेमरी' असे दोन आकडे दिसतील. कार्डाचा आकडा पहिला. उसनी रॅम कार्डाच्या स्वतःच्या मेमरीपेक्षा कित्येक पटींनी हळू असते, म्हणून ती मोजायचीच नाही. सेकंडहँड घेणार असाल तर पैसे देण्याआधी या आकड्यांचा फोटो व्हॉट्सॲपवर मागवा.

वॅट न विचारणं

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच, आणि यावर दुकानात कोणी बोलत नाही.

आरटीएक्स ४०६० हे लॅपटॉपचं कार्ड एनव्हिडियानं ३५ पासून ११५ वॅटपर्यंत चालेल असं बनवलंय. किती वॅट द्यायचे ते लॅपटॉप कंपनी ठरवते. पातळ, हलका, दिसायला देखणा लॅपटॉप असेल तर आत उष्णता बाहेर काढायला जागा नसते, म्हणून कंपनी ४५-६० वॅटवर थांबते. जाडजूड गेमिंग लॅपटॉपमध्ये तेच कार्ड १०० च्या वर जातं. डब्यावर दोन्हीकडं नाव एकच. शेतात पाच एचपीची मोटर बसवली पण फीडरवर व्होल्टेजच नाही, तर विहिरीतून पाणी किती येईल हे आपल्याला कोणी शिकवायला नको. म्हणूनच पूर्ण वॅट मिळालेलं ४०५० कधी कधी उपाशी ठेवलेल्या ४०६० च्या बरोबरीला येतं, पुढंही जातं.

कंपनीच्या वेबसाइटवर त्या मॉडेलच्या पानात टीजीपी किंवा 'मॅक्झिमम ग्राफिक्स पॉवर' म्हणून हा आकडा दिलेला असतो. लॅपटॉप समोर असेल तर एनव्हिडिया कंट्रोल पॅनल उघडून खाली डाव्या कोपऱ्यातल्या 'सिस्टम इन्फर्मेशन'वर क्लिक करा, तिथंही दिसतो. ४०५० आणि ४०६० साठी ८० ते १०० वॅट मिळाले की पुष्कळ झालं. १०० च्या पुढं वॅट वाढतात, पण कामात फार फरक पडत नाही, उष्णता तेवढी वाढते.

आणखी एक गोष्ट. यूट्यूबवर बघितलेला ४०७० चा रिव्ह्यू डेस्कटॉपचा असेल तर तो विसरा. डेस्कटॉपच्या ४०७० ला १२ जीबी मेमरी आणि ५८८८ कुडा कोअर आहेत, लॅपटॉपच्या ४०७० ला ८ जीबी आणि ४६०८. नाव सारखं, माल वेगळा. लॅपटॉपचं ४०६० सुद्धा ८ जीबीचंच असल्यामुळं, मेमरीसाठी म्हणून ४०७० चे जास्तीचे पैसे देण्यात मला काही राम दिसत नाही.

जुनं 'वर्कस्टेशन' स्वस्तात उचलणं

नागपूर-पुण्याहून कंपन्यांचे वापरलेले लॅपटॉप येतात: मजबूत बॉडी, चांगला कीबोर्ड, वर 'क्वाड्रो ग्राफिक्स', म्हणजे एनव्हिडियाचं ऑफिस-डिझाइनच्या कामासाठीचं कार्ड. वस्तू वाईट नसते, पण कार्ड कोणत्या पिढीचं आहे ते बघा. एनव्हिडियानं २०२५ मध्ये मॅक्सवेल, पास्कल आणि व्होल्टा या पिढ्यांचे नेहमीचे ड्रायव्हर (विंडोजकडून कार्ड चालवून घेणारं सॉफ्टवेअर) बंद करायचं जाहीर केलं, ५८० ही त्यांची शेवटची आवृत्ती-मालिका. आपल्या भाषेत सांगायचं तर जीटीएक्स ९५० पासून १०८० पर्यंतची कार्डं, आणि एम किंवा पी पासून सुरू होणारी बहुतेक क्वाड्रो, यांना आता नव्या सॉफ्टवेअरसाठी सुधारणा मिळणार नाहीत. जीटीएक्स १६५० किंवा क्वाड्रो टी१००० हे त्यानंतरचे, ते अजून चालू आहेत.

त्यातच विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीचे बहुतेक प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत नाहीत. तेव्हा सातव्या पिढीचा प्रोसेसर आणि क्वाड्रो एम१२०० असलेलं मशीन कितीही चकाचक पुसून दिलं तरी, नवीन फोटोशॉप टाकायच्या आशेनं घेऊ नका. जुनं कोरल चालवायचं आहे? मग खुशाल घ्या.

पडद्याकडं न बघणं

१४४ हर्ट्‌झ म्हणजे सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलणारा पडदा, हे ऐकलं की पोरं खूश. पण स्वस्त गेमिंग लॅपटॉपचा पडदा बऱ्याचदा '४५ टक्के एनटीएससी' रंगांचा असतो. म्हणजे एसआरजीबी या डिझाइनसाठी प्रमाण मानलेल्या रंगसंचाचे जेमतेम ६०-६५ टक्के रंग तो दाखवतो, आणि सगळं किंचित फिकट दिसतं. मग डिझायनर लाल आणखी भडक करतो, केशरी आणखी गडद करतो, आणि छापून आलं की नवरीचा चेहरा तांबडाबुंद. गिऱ्हाईक मशीनला दोष देत नाही, आपल्याला देतं. डिझाइनसाठी घेताय तर 'शंभर टक्के एसआरजीबी' लिहिलेलं बघूनच घ्या, त्यासाठी कार्ड एक पायरी खालचं घ्यावं लागलं तरी चालेल.

आपलं ऊन आणि आपला कापूस विसरणं

लॅपटॉपच्या कागदावर बारीक अक्षरात 'ऑपरेटिंग टेम्परेचर' असतं. बहुतेक कंपन्या तिथं वरची मर्यादा ३५ अंश लिहितात. मे महिन्यात आपल्याकडं बाहेर पारा ४५ च्या पुढं जातो, टिनाच्या दुकानात आत काय असेल ते सांगायला नको. पंखा कितीही फिरला तरी खोलीतल्या हवेपेक्षा थंड हवा तो आणणार कुठून? कार्ड ८५-८७ अंशांच्या आसपास पोचलं की स्वतःच वेग कमी करतं. मग फोन येतो, "भाऊ, हिवाळ्यात मस्त चालत होता, आता गेम अटकून राह्यला." कार्ड बिघडलेलं नसतं. ते जीव वाचवत असतं.

कुलर हा त्यावरचा उपाय, पण त्याच्या तोंडासमोर लॅपटॉप ठेवू नका. ओली हवा आणि त्यातले पाण्याचे बारीक थेंब पंख्यावाटे थेट बोर्डावर जातात, आणि आपलं बोअरचं पाणी किती क्षाराचं आहे ते कुलरच्या जाळीवरचा पांढरा थर बघून कळतंच. कुलरच्या झोताबाहेर, बाजूला बसा आणि खोलीची एक खिडकी उघडी ठेवा. मशीन मागून दोन बोटं उचलून ठेवलं की खालून हवा घेता येते. गादीवर तर अजिबात नको.

कापसाचं मात्र बाहेरच्या कुठल्याच यूट्यूबवाल्याला माहीत नाही. भाव वाढेल म्हणून घरात कापूस भरून ठेवायचा, आणि त्याच खोलीत पोरगा गेम खेळतो. जिनिंगच्या शेजारच्या दुकानांचीही हीच गत. लॅपटॉपचा खालचा पत्रा उघडला की वरून पंखा स्वच्छ दिसतो. पण पंख्याचे दोन-तीन स्क्रू काढून तो बाजूला केला की दिसतं, पंखा आणि तांब्याच्या जाळीच्या बरोबर मधे रुईच्या तंतूंचा राखाडी पापुद्रा बसलेला असतो, चिमटीत धरून सलग निघेल इतका घट्ट. हवा तिथंच अडते. बाहेरून ब्लोअर मारून तो निघत नाही, उलट जाळीत आणखी दाबला जातो. पंखा उघडून तो उचलावा लागतो. ब्रश किंवा ब्लोअर वापरताना पाती बोटानं धरून ठेवा, नाहीतर पंखा उलटा गरगरतो आणि बेअरिंग जातं. ज्या घरात कापूस राहतो तिथं हे काम कापूस विकला गेल्यावर एकदा आणि उन्हाळा लागायच्या आधी एकदा करावंच. स्वतः उघडून वॉरंटी जाणार असेल तर सर्व्हिसवाल्याकडून करून घ्या, पण पंखा काढायला सांगा.

भर उन्हाळ्यात गेमचा फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला निघणारी चित्रं, ६० वर बांधून टाका. पडदा १४४ चा असला म्हणून कार्डाला दुपारी दोन वाजता १४४ फ्रेम काढायला लावायची गरज नाही. विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा ९९ टक्के केली की त्याचा टर्बो (थोड्या वेळापुरता जास्तीचा वेग) बंद होतो आणि तापमान लक्षणीय उतरतं. रेंडर लावायचं असेल तर रात्री लावा.

विजेचा हिशोब न करणं

गेमिंग लॅपटॉपचा ॲडॉप्टर १८०, २३०, कधी २४० वॅटचा असतो. त्याच्यावर '१०० ते २४० व्होल्ट' लिहिलेलं असतं, त्यामुळं व्होल्टेज कमी झाल्यानं सहसा काही होत नाही. लाइट जाऊन परत येते तेव्हाचा झटका वाईट. पावसाळ्यात गडगडायला लागलं की पिन काढून ठेवा, स्पाइक गार्डवर सगळा भार टाकू नका. लॅपटॉपच्या धातूच्या भागाला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर घराची अर्थिंग तपासा, तो सहसा लॅपटॉपचा दोष नसतो.

बॅटरीवर गेम का रखडतो, हा प्रश्न तर रोजचा. प्रवासी विमानाच्या नियमांमुळं लॅपटॉपच्या बॅटऱ्या १०० वॅट-तासांच्या आतच ठेवतात. एवढ्याशा बॅटरीतून १०० वॅटचं कार्ड आणि वर प्रोसेसर चालवला तर ती तासभरही टिकणार नाही, म्हणून लाइट गेली की मशीन कार्डाचा वेग स्वतःहून पाडतं. इन्व्हर्टरवर चालवत असाल तर तो साइन वेव्हचा असावा, आणि त्याच्यावर कुलर आधीच चालू असेल तर किती वॅट शिल्लक राहतात ते मोजा. मित्राचा ६५ वॅटचा टाइप-सी चार्जर लावूनही तेच होतं: लॅपटॉप चालू राहतो, कार्ड झोपतं.

कार्ड आहे, पण काम करत नाही: कुठून बघायचं

आधी कंपनीचं स्वतःचं ॲप उघडा, आर्मरी क्रेट, व्हँटेज, जे असेल ते. त्यात 'इको' किंवा 'फक्त आतलं ग्राफिक्स' असा मोड असतो. कोणीतरी बॅटरी वाचवायला तो लावतो आणि विसरतो, मग डिव्हाइस मॅनेजरमधून कार्डच गायब. दुरुस्तीला आलेल्यांपैकी बरीच मशीनं एवढ्यावरच परत जातात.

कार्ड दिसतंय पण गेम किंवा सॉफ्टवेअर रखडतंय, तर सेटिंग्ज, सिस्टम, डिस्प्ले, ग्राफिक्स या वाटेनं जाऊन ते सॉफ्टवेअर निवडा आणि 'हाय परफॉर्मन्स' करा. त्यानंतर सॉफ्टवेअरच्या आतलं बघा. फोटोशॉपमध्ये प्रेफरन्सेसच्या परफॉर्मन्समध्ये 'यूज ग्राफिक्स प्रोसेसर'वर टिक हवी. प्रीमियरमध्ये प्रोजेक्ट सेटिंग्जच्या रेंडररला जीपीयू ॲक्सेलरेशन हवं. ऑटोकॅडमध्ये 'ग्राफिक्सकॉन्फिग' ही कमांड. ब्लेंडरमध्ये दोन ठिकाणी सांगावं लागतं: प्रेफरन्सेसच्या सिस्टममध्ये ऑप्टिक्स निवडायचं, आणि रेंडरच्या पानावर डिव्हाइस 'जीपीयू कम्प्यूट' करायचं. दुसरं राहिलं की रात्रभर प्रोसेसर घासत बसतो. टास्क मॅनेजरमध्ये रेंडर चालू असताना कार्ड दोन-चार टक्केच दिसलं तरी घाबरू नका, तो आलेख 'थ्री-डी'चा असतो. त्यावर क्लिक करून 'कुडा' मिळाला तर तो बघा.

विंडोज अपडेटनंतर गडबड सुरू झाली असेल तर ड्रायव्हर. सेफ मोडमध्ये डीडीयू नावाच्या छोट्या प्रोग्रामनं जुना पूर्ण काढा, मग नवा टाका. एनव्हिडियाचे दोन ड्रायव्हर असतात, गेम रेडी आणि स्टुडिओ. दोन्हींवर दोन्ही कामं चालतात. ज्याची रोजीरोटी डिझाइनवर आहे त्यानं स्टुडिओ टाकावा, तो कमी वेळा बदलतो. नवा ड्रायव्हर टाकूनही डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'कोड ४३' येत राहिला, आणि मशीन थंड असतानाही येत असेल, तर मात्र चिपमध्येच खोट असण्याची शक्यता जास्त. तिथं गल्लीतल्या हीटगनवाल्याकडं जाऊ नका. गरम करून उठवलेली चिप महिना-दोन महिने चालते आणि परत बसते, पैसे मात्र गेलेले असतात.

पिनकोड न टाकता वॉरंटी धरून चालणं

जाहिरातीत 'ऑनसाइट वॉरंटी' असते, पण माणूस आपल्या गावापर्यंत येतो का ते कंपनीच्या साइटवर पिनकोड टाकूनच कळतं. येत नसेल तर लॅपटॉप घेऊन अमरावती किंवा नागपूर गाठावं लागेल, दुरुस्ती लांबली तर दोनदा. विजेच्या झटक्यानं झालेलं नुकसान साध्या वॉरंटीत बहुधा बसत नाही, त्यासाठी वेगळं संरक्षण घ्यावं लागतं. ते लॅपटॉपसोबतच घ्यायचं असतं की नंतरही चालतं, हे बिल होण्याआधी विचारा. ऑनलाइन मागवला असेल तर परत करायची मुदत संपायच्या आत, पिन लावून, तुमचं जे सगळ्यात जड काम असेल ते अर्धा तास सलग चालवून बघा, आणि त्या वेळचं कार्डाचं तापमान टास्क मॅनेजरमधून लिहून ठेवा.